परागकणांच्या आधारे सूर्यफूल कुलाचे वर्गीकरण : जोयडा परिसरातील सहदेवीचे उदाहरण

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा (पूर्वीचा सुपा) तालुक्यात वनस्पतिशास्त्राची सहल गेली की वाटेच्या कडेची सहदेवी विद्यार्थ्यांच्या हाती हमखास येते. अडचण पुढे येते. हा जिल्हा मुंबई इलाख्यात असताना कुक यांनी सिद्ध केलेल्या वनस्पतिग्रंथात (१९०१-०८) तिचे नाव ‘व्हर्नोनिया सिनेरिया’ आहे, तर नव्या सूचींत ‘सायॅन्थिलियम सिनेरियम’. लिनीयसने १७५३ मध्ये तिला ‘कोनायझा’त घातले होते, १८२९ मध्ये ती ‘व्हर्नोनिया’त गेली आणि १९९० मध्ये रॉबिन्सन यांनी तिसऱ्या घरी नेली. बरे खरे कोणते, असे विद्यार्थी विचारतो आणि शिक्षक बहुधा ‘नाव बदलले’ एवढेच सांगतात.

या बदलामागे जी कारणे होती त्यांत परागकणाचा वाटा मोठा आहे. उर्दूत परागकणाला ‘जरदाना’ म्हणतात, म्हणजे सोन्याचा दाणा. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र या कुलातील दाणा बहुधा काटेरी गोळ्यासारखा दिसतो. झेंडू, माका, सूर्यफूल यांच्या कणांवर सरळ काटे असतात आणि तीन खाचा असून प्रत्येकीत एक छिद्र असते. वाऱ्याने परागण होणाऱ्या दवण्याच्या गटात काटे अगदी बारीक होतात. सहदेवीच्या कणाचे बाह्यावरण मात्र उंच कडांनी जाळीसारखे विभागलेले असते, काटे त्या कडांवर असतात. याउलट पश्चिम घाटाच्या सदाहरित रानातला ‘व्हर्नोनिया आर्बोरिया’ हा चक्क वृक्ष (या कुलात वृक्ष विरळाच) घ्या. त्याच्या कणावर अशी जाळी नसते, आवरण सलग असते. जुन्या ग्रंथांत दोघे एकाच प्रजातीत होते. आता वृक्ष ‘स्ट्रोबोकॅलिक्स’मध्ये गेला असून ‘व्हर्नोनिया’ हे नाव मुख्यतः अमेरिकेतील जातींपुरते उरले आहे.

पण येथेच सावध राहावे लागते. देशावरच्या पाथरीचे परागकणही कडांच्या जाळीचेच असतात. केवळ तेवढ्यावरून पाथरी व सहदेवी यांना सख्ख्या बहिणी ठरवले तर मोठी चूक होईल. पाथरी मोडली की दूध येते, तिची सगळी पुष्पके पट्टीसारखी असतात. सहदेवीला दूध नाही, पुष्पके नळीसारखी. जाळी दोन गटांत स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली, असे अभ्यासक मानतात. म्हणून परागकण वेगळेपणा दाखवण्यास भरवशाचा, नाते जोडण्यास एकटा अपुरा. त्याला गुणसूत्रे, फुलाची रचना व आता डीएनए यांची साक्ष लागते.

महाविद्यालयात हे पाहणे कठीण नाही. वाळलेल्या नमुन्यातील उमलण्याच्या बेतात असलेले पुष्पक फोडून परागकोश काचपट्टीवर चिरडावा, सॅफ्रानिन मिसळलेल्या ग्लिसरीन जेलीचा थेंब द्यावा आणि ४०० पटीच्या भिंगातून पाहावे. काटे व कडा ओळखता येतात. आवरणाचे अंतर्गत थर पाहायचे तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा. एर्टमान यांची ॲसिटोलिसिस पद्धत कण स्वच्छ करते, परंतु तिचे मिश्रण पाण्याशी भडकून उसळते. ते धूरनिचरा कपाटाशिवाय विद्यार्थ्यांकडे देऊ नये.