शाळेतील सशस्त्र हल्ला आणि अपारंपरिक आत्मसंरक्षण : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

शस्त्र घेऊन शाळेत शिरणारा माणूस ही आपल्याकडे विरळ घडणारी घटना होय. तथापि विरळ म्हणजे अशक्य नव्हे. डिसेंबर २००७ मध्ये गुडगाव येथील एका खाजगी शाळेत आठवीच्या विद्यार्थ्यांनी वर्गमित्रावर गोळ्या झाडून त्याचा जीव घेतला. पिस्तूल त्यांपैकी एकाच्या वडिलांचे होते. एप्रिल २०२३ मध्ये पश्चिम बंगालमधील मालदा जिल्ह्यात एक इसम पिस्तूल घेऊन भरलेल्या वर्गात उभा राहिला. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईतील पवई येथे एका स्टुडिओत १७ मुलांना ओलीस ठेवण्यात आले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी बारामतीतील एका महाविद्यालयाच्या आवारात बारावीच्या विद्यार्थ्याची कोयत्याने हत्या झाली, ती आपल्या परिचयाच्या भूमीवर.

अशा प्रसंगी पोलीस येईपर्यंत वर्गातील शिक्षकाने काय करावे, या प्रश्नाला जगभर काही चमत्कारिक वाटणारी उत्तरे दिली गेली आहेत. दगड, डबे, मिरचीपूड, अग्निशामक नळकांडे, बाक, चेंडू अशा साधनांना प्रस्तुत लेखात 'अपारंपरिक साधने' म्हटले आहे. ती हास्यास्पद आहेत की उपयुक्त, हा वाद अमेरिकेत बराच झाला. बीड जिल्ह्यातील शाळेच्या खोलीत तो वाद आणून ठेवला, तर त्याचे स्वरूप बदलते.

परदेशातील प्रयोग

१९९९ च्या कोलंबाईन हत्याकांडानंतर अमेरिकेत असा विचार पुढे आला की, केवळ दार लावून जमिनीवर पडून राहणे पुरेसे नाही. अगदी शेवटचा उपाय म्हणून प्रतिकारही शिकवला पाहिजे. पुढे 'पळा, लपा, लढा' हे सूत्र तेथे रूढ झाले. २०१५ मध्ये अलाबामा राज्यातील एका शाळेने पालकांना पत्र पाठवून प्रत्येक मुलासोबत डबाबंद अन्नाचा एक डबा देण्यास सांगितले. हेतू असा की, हल्लेखोर वर्गात शिरलाच तर सर्वांनी एकाच वेळी डबे फेकून त्याला गोंधळवावे. २०१८ मध्ये पेनसिल्वेनियातील एका शालेय विभागाने वर्गावर्गात नदीतील गोट्यांनी भरलेल्या बादल्या ठेवल्या. या दोन्ही गोष्टींची पुष्कळ थट्टा झाली. परंतु त्याच वर्षी मे महिन्यात इंडियाना राज्यातील नोबल्सव्हिल येथे एका विज्ञान शिक्षकाने गोळीबार करणाऱ्या विद्यार्थ्यावर हातातील छोटा चेंडू फेकला, त्याच्यावर धाव घेतली आणि त्याला खाली पाडले. शिक्षकाला तीन गोळ्या लागल्या, तो वाचला. वर्गातील कोणाचाही जीव गेला नाही.

पाकिस्तानाने दुसरा मार्ग धरला. डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या लष्करी शाळेत १३० हून अधिक मुले मारली गेल्यानंतर तेथील प्रांतिक शासनाने शिक्षकांना शस्त्र बाळगण्याची मुभा दिली. बीडच्या संदर्भात हा मार्ग विचारात घेण्यासारखाही नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि त्यापाठोपाठ जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांची संख्या चव्हाट्यावर आली. ती बाराशेच्या वर होती. प्रशासनाने छाननी करून त्यांतील अनेक परवाने काढून घेतले. गुडगावच्या प्रकरणात शस्त्र घरातूनच आले होते, हे लक्षात घेता ही छाननी शालेय सुरक्षेचाच भाग ठरते. मात्र शालेय सुरक्षेच्या चर्चेत तिचा उल्लेख सहसा होत नाही.

कोयता आणि पिस्तूल

येथे एक मूलभूत भेद करणे अगत्याचे आहे. अमेरिकेतील सर्व उपाय बंदूकधाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहेत. बीड जिल्ह्यात परवान्याच्या व बेकायदा पिस्तुलांचा धोका आहेच. पण घराघरात असलेले धारदार हत्यार म्हणजे कोयता होय. ऊसतोडणीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच येथे 'एक कोयता' म्हणतात, इतके ते हत्यार जगण्याशी एकजीव झाले आहे. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांवर निर्बंध आहेत. परंतु घरगुती व शेतीच्या उपयोगाची अवजारे त्यांतून वगळलेली आहेत. ते योग्यच आहे. कोयत्यावर बंदी घालणे म्हणजे हजारो कुटुंबांच्या भाकरीवर बंदी घालणे.

पिस्तुलापुढे अंतर फारसे कामी येत नाही, कोयत्यापुढे मात्र अंतर हेच सर्वस्व असते. पात्याची पोहोच हातभर. त्यामुळे मधे आडवे केलेले बाक, पुढे धरलेली खुर्ची, अंगावर टाकलेली सतरंजी ही साधने धारदार हत्यारापुढे जितकी प्रभावी, तितकी गोळीपुढे नाहीत. २७ जून २०२३ रोजी पुण्यातील सदाशिव पेठेत कोयता घेऊन तरुणीच्या मागे धावणाऱ्या हल्लेखोराला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका तरुणाने रिकाम्या हातांनी अडवले, ही घटना सर्वज्ञात आहे. त्या तरुणाचे धैर्य निर्विवाद. पण त्याच्या हाती एखादी खुर्ची असती, तर त्याला एवढा धोका पत्करावा लागला नसता.

मिरचीपूड, गोफण आणि बंद खोली

आपल्याकडे अपारंपरिक साधन म्हटले की प्रथम मिरचीपूड आठवते. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयात कस्तुरबानगरच्या महिलांनी अक्कू यादव याला मारले, तेव्हा त्यांच्या हाती मिरचीपूडही होती. पण तो प्रसंग आत्मसंरक्षणाचा नव्हे, वर्षानुवर्षांच्या अन्यायाच्या सूडाचा होता. यादव तेव्हा पोलिसांच्या ताब्यात होता. शिवाय वर्गखोलीत मिरचीपूड उधळली, तर ती हल्लेखोर आणि पहिलीतले पोर असा भेद करीत नाही. वीस फुटांच्या खोलीत, पंखा सुरू असताना, ती सर्वांच्याच डोळ्यांत जाते.

दगडांचेही तसेच. ज्वारीच्या रानात मचाणावर उभे राहून गोफणीने पाखरे राखणारी पिढी या जिल्ह्यात अजून हयात आहे, तेव्हा दगड नेमका मारणे येथे कोणाला शिकवावे लागणार नाही. परंतु गोफणीला रान लागते. चाळीस मुलांच्या खोलीत भिरकावलेला दगड पुढच्या बाकावरील मुलाच्या डोक्यात बसण्याचा संभव अधिक.

त्या मानाने भिंतीवर टांगलेले अग्निशामक नळकांडे उपेक्षित राहिले आहे. त्याचा फवारा थेट तोंडावर मारता येतो, काही क्षण समोरचे दिसेनासे होते आणि रिकामे नळकांडे जड वस्तू म्हणूनही हाती उरते. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला आग लागून ९४ मुले दगावली. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांत अग्निशामक साधने ठेवण्याचे आदेश दिले. ते नळकांडे चालवण्याचा सराव मात्र शिक्षकांना क्वचितच मिळतो.

साध्या वस्तूंचा वापर ही कल्पना शासनाला अपरिचित नाही. समग्र शिक्षा अभियानांतर्गत मुलींसाठी राबवल्या जाणाऱ्या राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षणात किल्ल्यांचा जुडगा, ओढणी, दप्तर, पेन, वही यांचा बचावासाठी उपयोग शिकवणे अपेक्षित आहे. ते प्रशिक्षण एकट्या मुलीवर ओढवणाऱ्या छेडछाडीच्या व अतिप्रसंगाच्या संदर्भातले आहे आणि तेथे ते मोलाचे आहे. सशस्त्र हल्लेखोरापुढे बारा वर्षांच्या मुलीने पेन घेऊन उभे राहावे, असा त्याचा अर्थ कोणी लावू नये. प्रतिकाराचे ओझे प्रौढांनीच उचलायचे. मुलांना शिकवायचे ते इतकेच की, कोणत्या बाजूला सरायचे आणि कोणाच्या हाकेवर पळायचे.

कायद्याची भूमिका

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी संरक्षणाचा अधिकार आला आहे. जुन्या दंड संहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये होता. कलम ३५ नुसार स्वतःच्याच नव्हे, तर दुसऱ्या कोणाच्याही शरीराच्या रक्षणाचा अधिकार प्रत्येकास आहे. म्हणजेच विद्यार्थ्यासाठी हल्लेखोराच्या अंगावर बाक लोटणारा शिक्षक कायद्याच्या छत्राखालीच असतो. हल्लेखोर मनोरुग्ण किंवा अजाण वयाचा असला तरी हा अधिकार कमी होत नाही, असे कलम ३६ सांगते. कलम ३७ ने मर्यादाही घातली आहे : संरक्षणासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. हल्लेखोर पडला, हत्यार दूर गेले, की अधिकार संपला. त्यानंतर जमावाने केलेली मारहाण हा गुन्हाच होय. गावात ही सीमारेषा सर्वांत आधी पुसली जाते, हे वेगळे सांगावयास नको.

कलम ४४ विशेष लक्षणीय आहे. प्राणघातक हल्ला परतवताना निरपराध व्यक्तीस धोका पत्करल्यावाचून गत्यंतर नसेल, तर तो धोका पत्करण्याचीही मुभा कायदा देतो. त्याचे उदाहरण देताना कायदेकर्त्यांनी जमावात मिसळलेली लहान मुलेच निवडली, हे वाचताना थबकायला होते. कायद्याने दिलेली ही मुभा शिक्षकाच्या मनाला पेलवेल की नाही, हा निराळा प्रश्न.

बीडमधील वर्गखोली

'पळा, लपा, लढा' हे सूत्र ज्या इमारतींसाठी रचले गेले, त्यांच्या दारांना आतून कुलूप लागते आणि खिडक्यांतून सहसा बाहेर पडता येते. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांचे चित्र उलट आहे. खिडक्यांना लोखंडी गज, खोलीला एकच दार. शाळा सुटल्यावर सामान चोरीला जाऊ नये, हा या रचनेमागचा विचार; शाळा भरलेली असतानाचा नव्हे. दाराची भक्कम कडी बाहेरून असते, आतली असलीच तर तकलादू. परिणामी हल्लेखोर दारात उभा राहिला की पळण्याची वाट उरत नाही आणि लपण्यास जागा नसते. जी पायरी अमेरिकन सूत्रात शेवटची, ती येथे पहिलीच ठरते.

म्हणून या जिल्ह्यापुरते सर्वांत उपयुक्त अपारंपरिक साधन फेकण्याचे नसून अडवण्याचे आहे. मराठवाड्यातील जुन्या वाड्यांच्या दारांना आतून लाकडी अडसर असे. असा अडसर सुतार थोड्या खर्चात बसवून देऊ शकतो आणि पिस्तूलधारी असो वा कोयताधारी, दोघांपुढेही तो उपयोगी पडतो. आगीच्या वेळी मात्र हाच अडसर जीवघेणा होऊ शकतो; म्हणून तो एका हाताने उचलता येईल असा हलका आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर हवा.

राहिली मदत. ११२ क्रमांकावर फोन लागला तरी बालाघाटाच्या डोंगरातील वाडीवर पोलीस पोहोचण्यास वेळ लागतो. त्या वेळेत गावकरी हीच खरी कुमक. पण दिवाळीनंतर धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील कितीतरी गावांतून कर्ती माणसे ऊसतोडणीला जातात आणि गावात म्हातारी माणसे व मुले मागे उरतात. हंगामी वसतिगृहांमुळे शाळेतील मुलांची संख्या टिकून राहते, गावातील मोठ्या माणसांची मात्र नाही. द्विशिक्षकी शाळेत केंद्राच्या बैठकीसाठी एक शिक्षक बाहेर गेला, की दुसऱ्याकडे दोन खोल्या, चार इयत्ता आणि दोन दारे राहतात. दुसऱ्या खोलीचा अडसर त्या दिवशी कोण लावणार, हे वर्ष सुरू होतानाच ठरवून ठेवावे लागेल. अंगणवाडी सेविका, पोषण आहार शिजवणाऱ्या बाई किंवा शाळा व्यवस्थापन समितीतील एखादे आजोबा यांपैकी कोणाचे तरी नाव त्या खोलीसमोर लिहिलेले असावे.