आधी वारा, मग काच

मे महिन्यातली सोलापूरची दुपार. बाहेर बेचाळीस अंश, घरात पंखा गरम वारा ढवळतोय आणि भाच्याच्या नव्याकोऱ्या गेमिंग पीसीवर खेळ वीस मिनिटांतच अडखळायला लागलेला. "मावशी, ग्राफिक्स कार्डच खराब निघालं वाटतं," तो रडवेला होऊन म्हणाला. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. कार्डावर आळ घेण्याआधी मी त्याला कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढायला लावलं. दहा मिनिटांत कार्डाचं तापमान ८४ वरून ७२ अंशांवर उतरलं आणि खेळ सुरळीत झाला. कार्ड धडधाकट होतं. त्याला आत कोंडलं होतं.

पीसी जोडताना सगळा जीव प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डात असतो. कॅबिनेटची पाळी शेवटी येते, तेव्हा हातात तीन-चार हजार उरलेले असतात. माझ्या मते तेवढे पुरतात, पण ते काचेवर आणि रंगीत दिव्यांवर न घालता हवेवर घालायला हवेत.

कारण साधं आहे. संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. मध्यम किमतीचं कार्ड आणि प्रोसेसर मिळून खेळताना सहज ३०० वॅट घेतात. शंभर वॅटचे तीन जुने पिवळे बल्ब एका बंद पेटीत लावून ठेवले, तर काय होईल? पंखा गारवा तयार करत नाही. तो आतली तापलेली हवा काढतो आणि तिच्या जागी खोलीतली आणतो. त्यामुळे आतले भाग खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाहीत. आमच्याकडे उन्हाळ्यात खोलीच ३७-३८ अंशांवर असते, तेव्हा हवेच्या वाटेत थोडाही अडथळा परवडत नाही.

आमच्या पहिल्या कॅबिनेटला समोर अखंड काच होती. तिच्यामागे दिव्यांचे तीन पंखे होते, पण हवा यायला कडेला जेमतेम बोटभर फट. पंखे गरगरत होते आणि तीच ती गरम हवा आतल्या आत घुसळत होते.

दुसऱ्या वेळी आम्ही दुकानात मोबाइलचा टॉर्च घेऊनच गेलो. समोरच्या जाळीवर उजेड टाकायचा आणि आतून बघायचं. उजेड सहज आत येतो तिथून हवाही येते. जाळीमागे सुटा निघणारा फिल्टर आहे का, तेही पाहिलं. आमच्या भागात यंत्रमाग आहेत, हवेत सुताचे तंतू तरंगत असतात. स्क्रू न उघडता निघेल असाच फिल्टर आम्हाला हवा होता, कारण काढायला अवघड असलेला फिल्टर कुणी धूत नाही.

पंखे १२० मिलिमीटरचे, समोर निदान दोन आणि मागे एक. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त असली, की आतला दाब किंचित वाढतो आणि फटीफटींतून धूळ ओढली जात नाही. सुरुवातीला एखादा पंखा कमी मिळाला तरी चालेल. त्याची जागा मात्र असावी.

मग मापं. मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड साधारण २४४ बाय २४४ मिलिमीटर, पूर्ण एटीएक्स ३०५ बाय २४४. आपल्या कार्डाची लांबी आणि प्रोसेसरवरच्या कूलरची उंची कागदावर लिहून न्या. समोर बसणाऱ्या पंख्याची जाडी २५ मिलिमीटर असते, म्हणून पंखे बसवल्यावर कार्डाला किती जागा उरते, हे विचारा. पत्रा अंगठ्याने दाबून बघा. फार पातळ पत्रा पंख्यांबरोबर थरथरतो. कडांवरून बोटही फिरवा, कारण धारदार कड जोडणाऱ्याचा हात कापते.

स्वस्त कॅबिनेटबरोबर कधी कधी एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा डबा, फुकट मिळतो. त्यावर गेमिंग कार्ड चालवू नका. वीजपुरवठ्यातली बचत सगळ्या यंत्राला महागात पडू शकते. त्याचे पैसे वेगळेच ठेवा.

आमचं जाळीचं कॅबिनेट ३,४०० रुपयांना मिळालं, काचेच्यापेक्षा आठशेनं स्वस्त. सगळं जोडून झाल्यावर मी देवघरातली उदबत्ती आणली आणि समोरच्या जाळीपासून वीतभर लांब धरली. खालच्या पंख्यापुढे धूर आत ओढला गेला, वरच्यापुढे मात्र उलटा माझ्याकडे आला. तो पंखा उलटा बसला होता! पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीच्या आडव्या काड्या असतात, तिकडून सहसा हवा बाहेर पडते. भाच्याने तो फिरवून बसवला, तेव्हा धुराची रेघ समोरून आत शिरली आणि मागून बाहेर पडली. तशाच एका तापलेल्या दुपारी, झाकण लावलेलं असताना, कार्ड ७४ अंशांवर थांबलं.

आता दर दुसऱ्या रविवारी भाचा फिल्टर काढून नळाखाली धरतो आणि पूर्ण वाळवून परत लावतो. पहिल्यांदा धुतला तेव्हा त्यावर सुताचा करडा थर होता, बोटाने उचलला तर सलग निघेल असा. तो तसाच हातात घेऊन मला दाखवायला आला. "मावशी, हे सगळं कार्डावर बसलं असतं ना?"