२५८ ‘हो’, ९७ ‘नाही’: मतभेद न लपवता एका टेबलावर कसं बसायचं? कॅथलिक चर्चचा तीन वर्षांचा प्रयोग

२६ ऑक्टोबर २०२४. व्हॅटिकनमधल्या एका सभागृहात १५५ परिच्छेदांचा एक दस्तऐवज मतदानासाठी ठेवला होता. प्रत्येक परिच्छेदावर वेगळं मतदान झालं आणि दोन तृतीयांश मतांनी सगळे परिच्छेद मंजूरही झाले.

पण परिच्छेद क्रमांक ६० वर सभागृहातली फूट स्पष्ट दिसली. बाजूने २५८ मतं पडली, विरोधात ९७. सगळ्यात जास्त विरोध याच परिच्छेदाला झाला. चर्चमधली स्त्रियांची भूमिका हा त्याचा विषय होता. स्त्रियांना ‘डिकन’ होता यावं का, हा प्रश्न अजून खुला आहे, असं त्यात म्हटलं होतं. (डिकन म्हणजे धर्मगुरूच्या खालचं दीक्षित पद.)

विशेष म्हणजे हे आकडे कुठून फुटले नाहीत. व्हॅटिकनने ते स्वतःच जाहीर केले. जगभरात सुमारे १४० कोटी सदस्य असलेल्या आणि आदेश वरून खाली येण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने आपल्यातले मतभेद असे उघड का मांडले?

सिनड म्हणजे काय?

‘सिनड’ हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ साधारण ‘सोबतची वाटचाल’. पोप सहावे पॉल यांनी १९६५ मध्ये बिशपांची सिनड स्थापन केली. ठरावीक काळाने बिशपांनी रोममध्ये जमायचं, चर्चा करायची आणि पोपना सल्ला द्यायचा, अशी ती पद्धत.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये यात मोठा बदल केला. सुरुवात रोमऐवजी गावोगावच्या चर्चपासून झाली. भारतासह जगभरातल्या धर्मप्रांतांमध्ये सामान्य भाविकांना विचारलं गेलं : चर्च तुमचं ऐकतं का? कोण बाहेर राहिलंय? ही उत्तरं आधी धर्मप्रांताकडे, मग देशपातळीवर आणि पुढे खंडपातळीवर गेली.

आशियाची बैठक फेब्रुवारी २०२३ मध्ये बँकॉकला झाली. तिच्या अहवालात एक ओळखीची प्रतिमा आहे : दाराबाहेर चपला काढण्याची. दुसऱ्याच्या घरात जाताना आपण जसे नम्र होतो, तसंच दुसऱ्याचं म्हणणं ऐकताना व्हावं, असा त्यामागचा विचार.

गोल टेबलं कशासाठी?

ऑक्टोबर २०२३ मध्ये रोमला पहिलं अधिवेशन भरलं. मतदानाचा हक्क असलेल्या साडेतीनशेहून अधिक सदस्यांमध्ये ५४ स्त्रिया होत्या. सिनडमध्ये स्त्रियांनी मतदान करण्याची ही पहिलीच वेळ. सभागृहात नेहमीच्या रांगा नव्हत्या, तर गोल टेबलं मांडलेली होती. एकाच टेबलावर कार्डिनल, धर्मभगिनी, प्राध्यापक आणि तरुण कार्यकर्ते बसले होते.

बोलण्याचीही एक रीत ठरलेली होती. तिच्या तीन फेऱ्या होत्या :

• पहिली फेरी : प्रत्येकाने ठरलेल्या वेळेत आपलं म्हणणं मांडायचं. मध्ये बोलायचं नाही, प्रतिवादही करायचा नाही.

• दुसरी फेरी : आता स्वतःचं म्हणणं पुन्हा रेटायचं नाही. इतरांच्या बोलण्यातलं काय मनाला भिडलं किंवा काय टोचलं, ते सांगायचं.

• तिसरी फेरी : एकमत कुठे झालं, मतभेद कुठे राहिले आणि नवे प्रश्न कोणते आले, हे सगळ्यांनी मिळून नोंदवायचं.

फेऱ्यांच्या मधे काही मिनिटं शांतता आणि प्रार्थना. समोरचा बोलत असताना आपण मनात उत्तराची जुळवाजुळव करत असतो. त्या सवयीला या शांततेमुळे लगाम बसतो.

२०२३ चा अहवालही याच पद्धतीने लिहिला गेला. प्रत्येक प्रकरणात एकमताचे मुद्दे, अजून विचार हवा असे मुद्दे आणि प्रस्ताव वेगवेगळे दिले आहेत.

मग सगळे खूश झाले का?

नाही. टीका दोन्ही बाजूंनी झाली.

अधिवेशन सुरू होण्याच्या तोंडावरच पाच कार्डिनलांनी पोपना लेखी प्रश्न विचारल्याचं जाहीर केलं. चर्चची शिकवण चर्चेतून बदलता येते का, ही त्यांची काळजी होती. श्रद्धेचे प्रश्न बहुमताने सुटत नाहीत, असं या गटाला वाटतं.

दुसऱ्या बाजूला सुधारणावादी निराश झाले. स्त्रियांच्या डिकनपदासारखे नाजूक विषय २०२४ च्या अधिवेशनाआधीच स्वतंत्र अभ्यासगटांकडे सोपवले गेले. तीन वर्षं ऐकून घेतलं, पण ठरवलं काय, असा त्यांचा सवाल होता.

दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. सिनड ही संसद नाही, अखेरचा शब्द पोपचाच. आणि नुसतं ऐकून घेतलं, पुढे काहीच घडलं नाही, तर लोक बोलायचेच थांबतात.

गावच्या चर्चमध्ये काय बदलेल?

खरी कसोटी इथेच आहे. मुंबई असो, वसई असो किंवा गोवा, अनेक धर्मग्रामांत भाविकांची सल्लागार समिती असते. पण चर्चच्या सध्याच्या कायद्यानुसार अशी समिती सगळीकडे बंधनकारक नाही. बिशपना योग्य वाटलं, तरच ती नेमली जाते. ती असली तरी तिचं मत फक्त सल्ल्यापुरतं.

सिनडच्या अंतिम दस्तऐवजात अशा समित्या बंधनकारक कराव्यात, असा आग्रह आहे. कायद्यातल्या ‘फक्त सल्ला’ या शब्दप्रयोगाचाही फेरविचार व्हावा, असं त्यात म्हटलंय. निर्णय बिशप किंवा धर्मगुरूंकडेच राहील. पण रीतसर विचारविनिमयातून एखादी दिशा पुढे आली असेल, तर ती दुर्लक्षून पुढे जाता येणार नाही.

पोप फ्रान्सिस यांनी वेगळं पत्रक न काढता हाच दस्तऐवज मान्य करून प्रसिद्ध करायला सांगितला. २१ एप्रिल २०२५ रोजी त्यांचं निधन झालं. त्यानंतर निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी हे काम पुढे चालू ठेवलं आहे. आता अंमलबजावणीचा टप्पा आहे आणि ऑक्टोबर २०२८ मध्ये व्हॅटिकनमध्ये त्याचा आढावा घेतला जाईल.

तोपर्यंत परिच्छेद ६० चा प्रश्न सुटेल की नाही, हे सांगता येत नाही. पण ‘हो’ म्हणणारे २५८ आणि ‘नाही’ म्हणणारे ९७ जण त्या टेबलांवर एकमेकांशेजारीच बसले होते. एकमेकांचं म्हणणं पूर्ण ऐकल्यानंतरच त्यांनी मत दिलं.