तलाव नकाशावर आहे, पण कोठपर्यंत?

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची तालुक्याची दोन गावे आहेत. घोटाळा होऊ नये म्हणून एकीच्या नावाला ‘सडक’ जोडली गेली, तर दुसरीच्या नावाला ‘मोरगाव’. माणसांचे काम तेवढ्याने भागते. मात्र जमीन, पाणी आणि जंगल यांच्या नोंदी संगणकात ठेवायच्या झाल्या, तर केवळ नाव पुरत नाही. जागा नेमकी कोठे आहे आणि कोठपर्यंत आहे, हेही नोंदवावे लागते. हे काम करणारी व्यवस्था म्हणजे स्थानाधारित डेटाबेस, अर्थात ‘स्पेशियल डेटाबेस’.

सडक अर्जुनी तालुक्याला या विषयाचे महत्त्व कोणी वेगळे सांगायला नको. पूर्व विदर्भाचा हा भाग तलावांचा आणि धानाचा. कोहळी समाजाने आणि पुढे मालगुजारांनी बांधलेल्या तलावांवर येथील बांध्या पिकत आल्या. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली, तलाव शासनाच्या ताब्यात गेले आणि ‘माजी मालगुजारी तलाव’, म्हणजेच मामा तलाव, या नावाने ओळखले जाऊ लागले. आज एकाच तलावाशी अनेकांचा संबंध येतो. जमिनीचा अभिलेख एका कार्यालयात, सिंचनाची नोंद दुसऱ्या, मासेमारीचा ठेका तिसऱ्या. तलाव जंगलालगत असेल तर वन विभागाचा नकाशा आणखी वेगळा.

कागदावरच्या नोंदवहीत तलावाचे नाव, गट क्रमांक आणि क्षेत्र असते. ‘दहा हेक्टरपेक्षा मोठे तलाव किती?’ या प्रश्नाचे उत्तर ही नोंदवही देते. पण ‘तलावाच्या पोटात कोणकोणते गट येतात?’ या प्रश्नापुढे ती मुकी होते. क्षेत्राचा आकडा वर्षानुवर्षे तोच राहतो आणि प्रत्यक्षात पाळीच्या आतली जमीन हळूहळू नांगराखाली जाते. आकडा खोटा नसतो; त्याला फक्त आकार नसतो.

स्थानाधारित डेटाबेस हीच उणीव भरून काढतो. त्यात नाव आणि क्षेत्र यांच्या जोडीला आणखी एक रकाना असतो, तो भूमितीचा. विहीर बिंदू म्हणून, कालवा रेषा म्हणून आणि तलाव बहुभुज आकृती म्हणून साठवला जातो. मग दोन आकृत्या एकमेकींवर येतात का, एक दुसरीच्या आत आहे का, दोघींमधले अंतर किती, असे प्रश्न थेट विचारता येतात. तलावांची आणि शेतगटांची आकृती एकत्र ठेवली, की कोणता गट जलक्षेत्रात किती शिरतो, हे एका आज्ञेत समजते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत कोणते तलाव येतात, हेही तसेच शोधता येते. कॅनडात विकसित झालेली आणि २००१ पासून उपलब्ध असलेली ‘पोस्टजीआयएस’ ही मुक्त प्रणाली यासाठी विनामूल्य वापरता येते.

हजारो आकृत्यांतून हवी ती झटकन कशी सापडते? अमेरिकी संगणकतज्ज्ञ अँटोनिन गटमन यांनी १९८४ मध्ये ‘आर-ट्री’ ही पद्धत मांडली. प्रत्येक आकृतीभोवती एक चौकट कल्पायची, जवळच्या चौकटी मोठ्या चौकटीत बसवायच्या आणि शोध घेताना संबंध नसलेल्या मोठ्या चौकटी सरळ वगळायच्या. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, असा पत्ता शोधण्यासारखेच हे आहे.

खरी फसगत होते ती मोजमापाच्या चौकटीत. जीपीएस यंत्र अक्षांश-रेखांश अंशांत देते. सडक अर्जुनीच्या परिसरात अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, तर रेखांशाचा सुमारे १०४ किलोमीटरचा भरतो. त्यामुळे अंशांवरून काढलेल्या क्षेत्रफळाला अर्थ नसतो. मीटरमध्ये मोजण्यासाठी या भागाला यूटीएम पद्धतीचा ४४ वा उत्तर पट्टा लागू पडतो. जुने सर्वेक्षण नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर, तर जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर आधारलेले. दोहोंतील फरक न जुळवता नकाशे एकावर एक ठेवले, तर सीमा शंभर मीटरांहून अधिक सरकू शकते. एवढ्या अंतरात एखाद्या लहान शेतकऱ्याची सगळी बांधी मावते. अतिक्रमण न करताच तो अतिक्रमक ठरायचा!

म्हणूनच आकृतीबरोबर तिची मोजणी कोणी, केव्हा, कोणत्या साधनाने केली आणि त्यात किती मीटरची चूक संभवते, हेही साठवणे आवश्यक आहे. मोबाइलवरील जीपीएस मोकळ्या जागीही काही मीटर चुकते, झाडीखाली अधिक. त्यावरून दोन मीटरचा वाद मिटवता येणार नाही. तसेच नवी मोजणी झाल्यावर जुनी आकृती पुसू नये. पावसाळ्यातला फुगवटा आणि उन्हाळ्यातले पाणी यांत मोठे अंतर असते. तारखांसह दोन्ही जपल्या, तरच तलाव आटला की बुजवला गेला, हे ओळखता येते.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या जलसाठे गणनेत देशात २४ लाख २४ हजार ५४० जलसाठे नोंदले गेले. त्यांपैकी ९७ हजार ६२ महाराष्ट्रातील होते. देशातील ३८ हजार ४९६ साठ्यांवर अतिक्रमण आढळले. प्रत्येक साठ्याचे अक्षांश-रेखांश नोंदवणे हे मोठेच पाऊल होय. तथापि, बिंदू ‘तलाव येथे आहे’ एवढेच सांगतो. तलावाचा काठ कोठे संपतो, हे सांगायला बहुभुजच हवा. तलाव अर्ध्यावर आला, तरी बिंदू जागचा हलत नाही.

डेटाबेस मालकी ठरवत नाही. तो निर्णय कायद्याचा. मात्र पटवारी, शेतकरी आणि मासेमार यांनी मिळून काठावरून फिरत सीमा मोजली, ती ग्रामसभेपुढे वाचली आणि तारखेसह जपून ठेवली, तर पुढच्या वादात निदान एक गोष्ट सर्वांना सारखी दिसेल: त्या दिवशी पाणी कोठपर्यंत होते.