मधमाश्यांचं शहर : दुःखानंतर मँचेस्टरने मदतनिधी कसा उभारला?



कुठे पूर येतो, कुठे भूकंप होतो आणि दोन दिवसांत शाळेत मदतपेटी फिरते. मुलं खाऊचे पैसे टाकतात, आपण शाबासकी देतो आणि विषय तिथेच संपतो. पण ते पैसे पुढे कुठे जातात? कोणाला किती द्यायचे हे कोण ठरवतं? मुलांच्या मनात हे प्रश्न असतात, फक्त ती विचारत नाहीत. आज एका शहराच्या उदाहरणातून हे समजून घेऊ या.

ते शहर म्हणजे इंग्लंडमधलं मँचेस्टर. आपल्या मुलांना ते अगदीच अनोळखी नाही. कापडगिरण्यांसाठी ते जगभर प्रसिद्ध होतं, म्हणूनच आपण इचलकरंजीला 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणतो. क्रिकेटवेड्या मुलांना ओल्ड ट्रॅफर्ड मैदान ठाऊक असतं. १९९० मध्ये सचिन तेंडुलकरने आपलं पहिलं कसोटी शतक तिथेच झळकावलं.

काय घडलं होतं?

२२ मे २०१७ च्या रात्री मँचेस्टर अरीना या सभागृहात गायिका अरियाना ग्रांडे हिचा कार्यक्रम नुकताच संपला होता. प्रेक्षकांत शाळकरी मुली खूप होत्या. त्यांना घरी न्यायला आलेले आईवडील बाहेरच्या दालनात वाट पाहत होते. तिथेच एका आत्मघातकी हल्लेखोराने बॉम्बस्फोट केला. २२ निरपराध माणसं गेली. त्यांतली सर्वांत लहान मुलगी अवघी ८ वर्षांची होती. शेकडो जण जखमी झाले.

त्या रात्री टॅक्सीवाल्यांनी लोकांना फुकट घरी सोडलं. अडकलेल्यांसाठी अनोळखी कुटुंबांनी आपली दारं उघडली. दुसऱ्या दिवशी रक्तदानासाठी रांगा लागल्या. संध्याकाळी नगरभवनासमोरच्या अल्बर्ट चौकात सगळ्या धर्मांचे हजारो लोक एकत्र जमले.

निधी कसा जमला?

शहराची नगरपालिका, ब्रिटिश रेड क्रॉस आणि 'मँचेस्टर इव्हनिंग न्यूज' हे स्थानिक वर्तमानपत्र एकत्र आले आणि 'वी लव्ह मँचेस्टर' नावाचा आपत्कालीन निधी सुरू झाला. प्रत्येकाने आपापल्या परीने हातभार लावला. गोंदण करणाऱ्या कलाकारांनी ५० पौंडांत मधमाशीचं चित्र गोंदवून द्यायचं आणि ते पैसे निधीला द्यायचे, असं ठरवलं. त्यांच्या दुकानांबाहेर रांगा लागल्या.

मधमाशीच का? तर १८४२ पासून या शहराच्या मानचिन्हात मधमाश्या आहेत. दिवसभर राबणारी, एकजुटीने राहणारी कामकरी माशी ही गिरणीकामगारांच्या शहराची खूण आहे. दुःखाच्या वेळी लोकांना नवं चिन्ह शोधावं लागलं नाही, जुनंच कामी आलं.

मग ४ जून २०१७ ला ओल्ड ट्रॅफर्डच्या क्रिकेट मैदानावर अरियाना पुन्हा उभी राहिली. सोबत अनेक नामवंत गायक होते. २२ मेच्या कार्यक्रमाला आलेल्यांना प्रवेश मोफत होता. या कार्यक्रमानंतर बारा तासांत १ कोटी पौंडांहून जास्त रक्कम जमली. निधीची एकूण रक्कम पुढे २ कोटी पौंडांच्या वर गेली.

खरी कसोटी : वाटप

पैसे जमवताना मनं भरलेली असतात, म्हणून ते काम त्या मानाने सोपं. वाटताना डोकं थंड ठेवावं लागतं. मँचेस्टरने त्यासाठी स्वतंत्र विश्वस्त नेमले. सगळी रक्कम जमेपर्यंत थांबायचं नाही, काही पैसे लगेच द्यायचे आणि उरलेले नंतर, असं धोरण ठेवलं. मृतांच्या २२ कुटुंबांना प्रत्येकी अडीच लाख पौंड मिळाले, श्रीमंत-गरीब असा भेद न करता. ही माणसाच्या जिवाची 'किंमत' नव्हती, ती शहराने दिलेली भेट होती. म्हणून ती सर्वांना सारखी.

याच काळातली दुसरी गोष्ट मुलांना जरूर सांगा. एका बेघर माणसाने स्फोटानंतर जखमींना मदत केली, अशी बातमी आली. लोक हेलावले. त्याच्यासाठी इंटरनेटवर ५० हजार पौंडांहून जास्त पैसे जमले. पुढे कॅमेऱ्याच्या चित्रणातून कळलं की त्याने जखमींच्याच वस्तू चोरल्या होत्या. २०१८ मध्ये त्याला तुरुंगवास झाला. सुदैवाने पैसे त्याच्या हाती गेले नव्हते, ते देणाऱ्यांना परत मिळाले. म्हणजे दयाळू असणं चांगलंच, पण दयेला चौकशीची जोड हवी.

आणि मदत दिली म्हणजे प्रश्न विचारायचे नाहीत, असंही मँचेस्टरने मानलं नाही. अग्निशमन दल त्या रात्री घटनास्थळी पोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला, हे २०१८ च्या चौकशी अहवालाने उघड केलं. मुलगा गमावलेल्या एका आईने सार्वजनिक ठिकाणांच्या सुरक्षेसाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये तसा कायदा झाला. तो तिच्या मुलाच्या नावाने 'मार्टिन्स लॉ' म्हणून ओळखला जातो. निधीने कुटुंबांना आधार दिला, पण चूक कुठे झाली ते शोधायला चौकशीच लागली.

वर्गात काय करता येईल?

१. गणित : २२ कुटुंबांना प्रत्येकी अडीच लाख म्हणजे एकूण किती? उत्तर ५५ लाख पौंड. उरलेली रक्कम जखमींमध्ये कशी वाटाल? गट करून चर्चा घ्या. कोणाची जखम दिसते, कोणाची दिसत नाही, हा मुद्दा मुलं स्वतःच काढतील.

२. शाळेच्या मदतपेटीचा हिशोब मुलांनाच ठेवू द्या. जमा किती, कोणाला दिली, पावती कुठे आहे, हे फळ्यावर लागलंच पाहिजे.

३. कोणी किती दिले ते वर्गात वाचून दाखवू नका. ज्याच्या घरी आज दहा रुपये नाहीत, त्या मुलाची मान खाली जाता कामा नये. पेटी रंगवणं, पत्र लिहिणं, कपड्यांच्या घड्या घालणं हीही मदतच.

४. आपल्या गावाचं 'मधमाशी'सारखं चिन्ह कोणतं? मुलांना विचारा आणि चित्र काढायला सांगा.

पालकांनो, घरी मुलाने मदतीसाठी पैसे मागितले तर नुसते देऊ नका. "कोणासाठी? कोण पोचवणार?" एवढं विचारा. हे विचारणं म्हणजे संशय घेणं नाही. जबाबदारीने देण्याची सवय अशीच लागते.