वखार म्हणजे काय?

आपल्या माळशिरस-अकलूजकडे वखार म्हटली म्हणजे लाकडाचा अड्डा किंवा फार तर धान्याचे कोठार डोळ्यांपुढे उभे राहते. इतिहासाच्या पुस्तकातील वखारीचाही विद्यार्थी हाच अर्थ घेतात, आणि मग एका कोठारासाठी एवढ्या चकमकी का झाल्या, हे कोडे त्यांना उलगडत नाही.

परदेशी व्यापाऱ्याची मुख्य अडचण जहाजाची असे. जहाज पावसाळा सरल्यावर येणार आणि माल भरून लवकरच परतणार. त्याच वेळी घाईने माल शोधू लागल्यास भाव चढतो, हे अकलूजच्या बाजारात बसणाऱ्या कोणाही बागवानास ठाऊक आहे. म्हणून कंपनीने आपली माणसे किनाऱ्यावर बारमाही ठेवावयाची, त्यांनी विणकरांस आगाऊ रक्कम द्यावयाची, आणि माल स्वस्त असता घेऊन साठवावयाचा. साठा आला की चोराचे भय आले. त्या भयापोटी तट आला. तटावर तोफ आली. व्यापाऱ्याच्या घराचा किल्ला होतो तो असा.

वेंगुर्ल्याची डच वखार हा याचा ठळक नमुना होय. योहान फान ट्विस्ट हा डच वकील १६३७ साली विजापूरच्या दरबारी आला व तेथे व्यापाराची परवानगी मिळवून गेला. डचांचा खरा डोळा होता गोव्यावर. पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या आरमारास अन्नसामग्री हवी असे, ती वेंगुर्ल्याहून मिळे. पुढे १६५५ साली त्यांनी तेथे भक्कम दुमजली इमारत उभारली. १६९६ साली सावंतवाडीच्या खेम सावंतांनी वखारीच्या प्रमुखास भेटावयाचे निमित्त केले, आत प्रवेश मिळविला आणि वखारच ताब्यात घेतली! तट कितीही जाड असो, गिऱ्हाइकास व पाहुण्यास दार उघडावेच लागते.

अमेरिकेत मिसुरी व यलोस्टोन या नद्यांच्या संगमाजवळ १८२८ साली स्थापन झालेल्या फोर्ट युनियन या वखारीने या अडचणीवर तोड काढली होती. तेथे व्यापार कातड्यांचा. बीव्हर नावाच्या जलचर प्राण्याची लव टोप्यांसाठी युरोपात जाई, आणि बायसन या रानबैलाची केसाळ कातडी पांघरुणासाठी खपत. असिनिबॉइन, क्रो इत्यादी जमातींचे लोक ती आणून बंदुका, मणी व लोकरी ब्लँकेटे नेत. ती ब्लँकेटे आपल्याकडील धनगराने हाती घेतली असती, तर आपल्या घोंगडीशी ताडून पाहिल्यावाचून तो राहिला नसता. वखारीस दुहेरी दरवाजा होता. गिऱ्हाईक बाहेरच्या दारातून आत येई, सौदा दोन दारांमध्येच होई, आणि आतले दार बंद राही. खेम सावंतांची युक्ती तेथे चालती ना!

१८६७ साली सैन्याने ही वखार मोडून तिचे लाकूड दुसऱ्या ठाण्यासाठी नेले. तेथील राष्ट्रीय उद्यान खात्याने पाया उकरून, जुन्या चित्रांचा आधार घेऊन १९८५ ते १९९१ या काळात ती मूळ जागीच पुन्हा बांधली. आज प्रवाशास तेथे पांढरा तट, बुरूज आणि फळ्यांवर मांडलेला माल दिसतो. सारे कसे स्वच्छ! परंतु १८३७ साली कंपनीच्या सेंट पीटर्स या आगबोटीबरोबर देवीची साथ त्या नदीने वर चढली. वाटेवरच्या मँडन लोकांची दीड-दोन हजारांची वस्ती होती; त्यांतील दीडशेच्या आतच उरले असा अंदाज आहे. ब्लँकेटाची किंमत फळीवर लिहिता येते. ही किंमत मात्र कोणी तोंडाने सांगितली तरच कळते.

वेंगुर्ल्याची वखारही अशीच नव्याने बांधावी काय, असे कोणी विचारील. आमच्या मते बांधू नये. फोर्ट युनियनला जमिनीवर काही उरलेच नव्हते; येथे मूळच्या भिंती आहेत, आणि ती वास्तू राज्याचे संरक्षित स्मारकही आहे. भिंतींस आधार द्यावा, झाडांची मुळे काढावीत, आणि आगाऊ रक्कम घेऊन बांधला गेलेल्या विणकराची हकीकत मराठीत लिहून तेथे लावावी. नवा चिरा जुन्यावर चढला, की डचांचे काम कोणते व कंत्राटदाराचे कोणते, हे पुढच्या पिढीस ओळखता यावयाचे नाही.

सहलीस जाणाऱ्या मुलांनी वखार पाहून तडक गाडीत बसू नये. तेथून बंदरापर्यंत पायी जावे. ओझे घेतलेल्या हमालास ती वाट केवढी वाटत असेल, हे पायांनाच समजते.