सत्रान्त तोंडी सादरीकरण : शंखभस्माच्या आधारे रसायनशास्त्र

सत्राच्या अखेरीस रसशास्त्र व भैषज्यकल्पना या विषयाचे तोंडी सादरीकरण जवळ आले की, द्वितीय व्यावसायिक वर्षाचे विद्यार्थी आमच्याकडे मार्गदर्शनासाठी येऊ लागतात. भस्मपरीक्षेची लक्षणे त्यांना मुखोद्गत असतात, रासायनिक सूत्रेही पाठ असतात. परंतु या दोहोंचा परस्परसंबंध विचारला असता ते अडखळतात. आमच्या विद्यार्थिदशेतही याहून निराळी स्थिती नव्हती. ही उणीव कशी दूर करावी, याविषयी काही विचार येथे मांडत आहोत.

प्रथम, सादरीकरणासाठी एकच द्रव्य निवडावे व ते विद्यार्थ्याने स्वतः सिद्ध केलेले असावे. आम्ही शंखभस्म सुचवितो. पारद सामान्य तापमानासही बाष्परूप होत असल्याने त्याचे मर्दन नवशिक्याच्या हाती बंद खोलीत देणे इष्ट नव्हे. शंख स्वल्पमूल्य असून त्याचे रसायनशास्त्र सुबोध आहे.

शंख हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट होय. शोधनकाळी लिंबूरसात त्यावर बुडबुडे येतात. आम्लाच्या संयोगाने कार्बन डायऑक्साइड मुक्त होतो, हे विद्यार्थ्याने पाहून सांगावे. पुढे पहिल्या पुटापूर्वी व पुटानंतर वजन करावे. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट 100 ग्रॅम घेतल्यास पूर्ण दहनानंतर 56 ग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड उरते व 44 ग्रॅम वायू निघून जातो. पुटानंतर लगेच केलेले वजन 70 ग्रॅम भरले, तर अग्नी अपुरा पडला असे समजावे. असे द्रव्य लिंबूरसात पुन्हा फसफसते. उलटपक्षी पूर्ण दग्ध द्रव्य उघडे राहिल्यास हवेतील आर्द्रता व कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि वजनाने वाढते. बरणीचे झाकण घट्ट का असावे, याचे उत्तर येथेच मिळते. हे द्रव्य दाहक असल्याने हातमोजे व चष्मा वापरण्याची शिस्तही विद्यार्थ्यास लावावी.

परीक्षक हमखास विचारतात तो प्रश्न वारितरत्वाचा. लोहभस्मातील लोहाचे ऑक्साइड पाण्याच्या सुमारे पाचपट घन असूनही भस्म तरंगते कसे? ‘भस्म हलके झाले’ हे उत्तर अपुरे आहे. कण अतिसूक्ष्म असून पाण्याने सहजी भिजत नाहीत, त्यामुळे पृष्ठताण त्यांना धरून ठेवतो. साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकला की पृष्ठताण घटतो व कण बुडू लागतात. हा प्रयोग वर्गात सर्वांसमक्ष करता येतो.

यातूनच पुढचा व महत्त्वाचा मुद्दा निघतो. वारितरत्व व रेखापूर्णत्व या परीक्षा सूक्ष्मता दर्शवितात. भस्मात अनिष्ट धातू नाही, हे त्यांवरून सिद्ध होत नाही. कज्जली निश्चंद्र दिसली, तरी अत्यल्प मुक्त पारद डोळ्यांस दिसेलच असे नाही. तेथे उपकरणाद्वारे परीक्षणच हवे. 2004 साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांपैकी 14 उत्पादनांत शिसे, पारद अथवा सोमल आढळल्याचे तेथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर रुग्ण आपणांस याविषयी थेट विचारू लागले. आजचा विद्यार्थी उद्या त्याच प्रश्नासमोर उभा राहणार आहे. तेथे पाठांतर उपयोगी पडणार नाही. कोणती परीक्षा काय सांगते व काय सांगत नाही, हे त्यास प्रामाणिकपणे सांगता आले पाहिजे.

सादरीकरणास दहा मिनिटे असल्यास दोन मिनिटे ग्रंथोक्त विधी, चार मिनिटे प्रत्यक्ष कर्म व नोंदी, दोन मिनिटे रासायनिक विवेचन आणि शेवटची दोन मिनिटे परीक्षांच्या मर्यादा, अशी विभागणी आम्हांस सोयीची वाटते. प्रयोग फसला असल्यास तोही सांगावा. वजन का जुळले नाही, हे स्पष्ट करणाऱ्या विद्यार्थ्यास विषय समजला, असे मानण्यास हरकत नाही.

औषधनिर्मात्यांना आमची विनंती आहे की, सत्रातून एक दिवस तरी विद्यार्थ्यांना आपली भट्टी, तराजू व निर्मितीची नोंदवही पाहू द्यावी. वैद्यबंधूंनी सादरीकरणापूर्वी एकदा त्यांचे बोलणे ऐकून घ्यावे व रुग्णाच्या भूमिकेतून दोन प्रश्न विचारावेत. आपल्या औषधांवरील विश्वास पुढे याच मुलांच्या उत्तरांवर अवलंबून राहणार आहे.